पावडरचा डबा राहू दे, आधी रेशन आणि अंगणवाडी

पत्र: ताई, आम्ही मूळचे बीडकडचे, पुण्यात वारज्याला भाड्याच्या खोलीत राहतो. मी चार घरी पोळी-भाजीची कामं करते, मिस्टर पेंटिंगची कामं घेतात पण पावसाळ्यात काम नसल्यातच जमा. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. गेल्या आठवड्यात दवाखान्यात तिचं वजन ७ किलो ९०० ग्रॅम भरलं, सिस्टर म्हणाल्या कमी आहे, चांगलं खायला घाला. पावसाळ्यात तिला दोनदा जुलाब झाले होते. मी कामावर गेले की शेजारच्या काकू बघतात, त्या चहा-बिस्कीट देतात. घरी मी भात, वरणाचं पाणी देते पण ती दोन घास खाते आणि अंगावर प्यायला मागते. मेडिकलवाला म्हणतो साडेतीनशेचा पावडरचा डबा चालू करा. महिनाअखेरीला आमचा किराणाच उधारीवर येतो. रेशनकार्ड गावाकडे आहे. सासूबाई म्हणतात आपल्याकडची पोरं बारीकच असतात. डबा घेऊ का, आणि कुठला घेऊ?
– एक आई, वारजे

अगं, डबा घेऊ नकोस. कुठलाच नको. तुझ्या घरात साडेतीनशे रुपये म्हणजे काय ते मला कळतंय, म्हणून हे आधी सांगते. बऱ्याच डब्यांत दूध पावडर, साखर, वास आणि वरून थोडी जीवनसत्त्वं असतात, ते पाण्यात नाहीतर दुधात कालवून दिलं की लेकराचं पोट भरतं आणि मग ते जेवत नाही. आत्ता अंडं सात रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे त्याच पैशात पन्नास अंडी येतात. रोज एक अंडं तिला आणि वर अर्धा किलो शेंगदाणे घेतले तरी काही पैसे उरतील. मेडिकलवाल्याला हे सांगायची गरज नाही, फक्त हो हो म्हण आणि घरी ये.

आता वजनाचं. दीड वर्षाच्या मुलीचं वजन साधारण १० किलोच्या आसपास असतं, थोडं इकडे तिकडे चालतं, पण ८.१ किलोच्या खाली गेलं की ते कमी वजन धरतात आणि ७.२ च्या खाली तीव्र कमी. तुझी ७.९ वर आहे, म्हणजे रेघेच्या थोडी खाली. सिस्टर बरोबर बोलल्या आणि सासूबाईंचं आपण प्रेमाने बाजूला ठेवू. बारीक घराणं असतं हे खरंय, पण ती आधी नीट वाढत होती का आणि पावसाळ्यात अडकली का हे तिच्या लसीकरणाच्या कार्डवरच्या वजनाच्या आलेखात दिसेल, ते कार्ड काढून बघ. मला तर वाटतं दोन जुलाबांनी तिला मागे खेचलंय आणि नंतर ते भरून निघालंच नाही, कारण भरून काढायला जे जास्तीचं खाणं लागतं ते मिळालं नाही.

नुसत्या वजनावर थांबू नकोस. अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात तिची उंची आणि दंडघेर मोजून घे, दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी असते, एक मिनिटाचं काम आहे. दंडघेर साडेबारा सेंटीमीटर किंवा त्याच्या वर असेल तर घरच्या खाण्याने हे सावरतं. साडेअकरा ते साडेबाराच्या मधे असेल तर लक्ष ठेवून दर आठवड्याला वजन. साडेअकराच्या खाली असेल, किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबलं की खड्डा राहत असेल, किंवा ती मलूल पडून राहते, काहीच पित नाही असं झालं, तर मग खिचडी करत बसायचं नाही, त्याच दिवशी ससूनला नाहीतर महापालिकेच्या कमला नेहरू हॉस्पिटलला न्यायचं. हे घाबरवायला नाही सांगत, पण या बाबतीत आठ दिवस थांबून बघू असं नको व्हायला.

मुख्य गोष्ट वरणाच्या पाण्याची. वस्तीत काम करताना मी हे घरोघरी बघितलंय, आई मन लावून डाळ शिजवते, वरचं पाणी गाळून बाळाला देते आणि खालची घट्ट डाळ मोठ्यांच्या ताटात जाते, कारण बाळाला पचणार नाही असं सगळ्यांनी सांगितलेलं असतं. अगं सगळं सत्व त्या खालच्या डाळीतच राहिलं ना! दीड वर्षाच्या मुलाचं पोट केवढंसं असतं, मुलाच्या वजनाच्या किलोमागे साधारण ३० ग्रॅम एवढीच जागा धर, म्हणजे तुझ्या लेकीच्या पोटात एका वेळेला एखादी मोठी वाटी मावते. ती वाटी पाण्याने भरली तर खायला जागाच उरत नाही, तिची भूक मेली असं आपल्याला वाटतं आणि तिकडे वजन हलत नाही. म्हणून घट्ट. चमच्यात घेऊन चमचा तिरका केला तर लगेच ओघळायला नको, इतपत घट्ट. मऊ हवं, पातळ नको, हे डोक्यात फिट कर.

तू तर दिवसभर चार घरचं रांधतेस, तुला काय शिकवायचं, पण प्रमाण सांगते. दोन मुठी तांदळाला एक मूठ मुगाची किंवा तुरीची डाळ, त्यात मेथी, पालक, शेपू, लाल भोपळा जे असेल ते बारीक चिरून, मऊ शिजवायचं, आणि तिच्या वाटीत वरून एक छोटा चमचा तेल किंवा तूप आणि एक चमचा शेंगदाण्याचं कूट घालून कालवायचं. तेल घालायला हात आखडू नकोस, त्या एका छोट्या चमच्यात चाळीसेक कॅलरी असतात आणि त्याला पोटात जागा जवळजवळ लागत नाही. अख्खा शेंगदाणा मात्र तिला देऊ नकोस, घशात अडकतो, फुटाणेही नकोत, कूटच. लिंबाचे चार थेंब पिळलेस तर डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगाला लागायला मदत होते.

किती वेळा? या वयाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोनदा काहीतरी छोटं. प्रत्येक वेळी पाऊण ते एक वाटी, पण पहिल्या आठवड्यात एवढं जाणार नाही, अर्धी वाटी गेली तरी खूश हो. आणि तिचं ताट वेगळं कर. हे ऐकायला साधं वाटतं पण भावाच्या ताटात दोघांना बसवलं की चार वर्षांचा पटपट खातो आणि ही दोन घासांवर उठते, आणि आपल्याला कळतच नाही की कुणी किती खाल्लं. वेगळी वाटी असली की डोळ्याला दिसतं. समोर बस, बोलत भरव, मोबाईल लावू नकोस, जबरदस्तीही नको, नको म्हणाली तर अर्ध्या तासाने परत विचार.

अंगावरचं दूध तोडू नकोस, दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालतं. फक्त क्रम बदल. कामावरून आलीस की ती आधी पदर ओढणार, साहजिक आहे, सकाळपासून आई नाहीये, तर तिला थोडं जवळ घे, पण शक्य तेव्हा आधी वाटी आणि मग अंगावर. पोट दुधाने भरलं की ती जेवणार नाही. वरचं दूध देत असशील तर दिवसाला अर्धा लिटरच्या आतच ठेव, नुसतं दूध पिणारी मुलं गोबरी दिसतात पण त्यांच्यात लोह कमी पडतं. महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये दर शंभरात जवळपास ६९ जणांमध्ये रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं होतं. म्हणजे हे तुझ्या एकटीच्या घरातलं नाही, स्वतःला दोष देऊ नकोस.

चहा मात्र बंद. अगदी पूर्ण. चहाने लोह अंगाला लागत नाही आणि चहात बुडवलेलं बिस्कीट म्हणजे मैदा आणि साखर. पण काकूंना दुखवू नकोस, त्या तुझं लेकरू सांभाळतायत, पैसे न घेता सांभाळत असतील तर फारच मोठी गोष्ट आहे. त्यांना बिस्कीट देऊ नका असं सांगायच्या ऐवजी त्यांच्या हातात काहीतरी दे. सकाळी निघताना एका डब्यात घट्ट खिचडी किंवा दुधात नाहीतर वरणात कुस्करलेली पोळी, एक केळं, उकडलेलं अंडं. म्हणायचं, काकू, डॉक्टरांनी हेच सांगितलंय, दहा वाजता हे आणि बारा वाजता ते द्या. डॉक्टरांचं नाव घेतलं की ऐकतात, आणि तसंही सिस्टरने सांगितलेलंच आहे ना. सकाळी केलेली खिचडी दुपारपर्यंतच, उरली तर संध्याकाळी तिला नको.

कामाच्या घरी उरलेलं देतात त्याबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगते. त्याच सकाळचं, तूच केलेलं असेल तर आण, मुलांना दे. फ्रीजमधलं दोन-तीन दिवसांचं असेल तर लहानीला नको, आत्ताच जुलाबातून उठलीये ती.

अंड्यांचं बोलते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण हे सगळं मोठ्यांसाठी आहे, लेकराला उपास नसतो. घरात शिजवायला नको वाटत असेल तर त्या दिवशी शेजारून उकडून घे, पण तिचं अंडं चुकवू नकोस. उष्ण पडतं म्हणतात, तसं काही नाही. अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तेही सगळं अंगाला लागणारं. तुम्ही सुकट खात असाल तर ती स्वच्छ धुऊन वाळवून भाजून पूड करून ठेव, खिचडीत एक चमचा. मीठ बघून घाल, सुकट खारट असते. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळून आणलीस तर त्याची खीर कमी पाण्यातही सरसरीत होते आणि लेकरू सहज गिळतं, गुळाने लोह भरपूर मिळतं म्हणतात तेवढं काही नाही, चवीपुरता गूळ घाल.

आता रेशन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुण्यात आलेल्या कितीतरी बायका हेच म्हणतात, कार्ड गावाकडे आहे. अगं कार्ड गावाकडे असलं तरी धान्य इथे मिळतं! एक देश एक रेशन कार्ड आहे, तुमच्यापैकी ज्याचा आधार नंबर रेशनकार्डाशी जोडलेला आहे त्याने वारज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात जाऊन अंगठा लावायचा, १२ अंकी रेशनकार्ड नंबर किंवा आधार नंबर सांगायचा. कार्ड केशरी असेल तर त्यावर प्राधान्य कुटुंब असा शिक्का आहे का ते सासऱ्यांना फोनवर बघायला सांग, कारण सगळ्याच केशरी कार्डांना धान्य नसतं. असेल तर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो गहू-तांदूळ तुमचा, आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी तो फुकट आहे. पिवळं अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो.

एक गोष्ट सांभाळ. कार्ड एकच असल्यामुळे हिशोबही एकच असतो. म्हणजे तू इथे सगळं उचललंस तर गावाकडे सासूबाई दुकानात जातील आणि त्यांना सांगतील तुमचं गेलं, आणि मग घरात महाभारत. आधी फोन करून ठरवा, त्यांच्या दोघांचं ते तिथे घेतील, तुमचं तुम्ही इथे. मशीन थोडं थोडं उचलू देतं. दुकानदार नाही म्हणाला, बाहेरगावचं कार्ड चालत नाही म्हणाला, तर भांडू नकोस, तिथेच उभं राहून १९६७ ला फोन लाव, तो फुकट आहे. बहुतेक वेळा फोन लावल्यावरच काम होतं. आणि सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालीये का तेही तिथेच विचार, ती पुण्यातल्या दुकानातही करून मिळते.

मुलीचं नाव कार्डात घातलंय का? मला शंका आहे की नसेल. जन्मदाखला आणि तिचं बाल आधार काढून गावाच्या तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा लागेल, तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरलेला कोटा, भरलेला असेल तर धान्य चालू व्हायला वेळ लागतो, पण अर्ज आत्ताच टाका, दिवाळीला गावी जाल तेव्हा पोच घेऊन या. तोपर्यंत तुमच्या तिघांचं जरी १५ किलो आलं तरी महिन्याचे जे पैसे गहू-तांदळाला जातात ते डाळीला आणि अंड्याला मोकळे होतात. लेकीच्या वजनाचा अर्धा प्रश्न मला इथे सुटताना दिसतो.

दुसरी जागा अंगणवाडी. सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या अंगणवाडीतून मोफत आहार मिळाला पाहिजे हे त्याच कायद्यात लिहिलंय. रेशनकार्ड लागत नाही, पुण्याचा पत्ता नावावर पाहिजे असंही नाही. तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचं पाकीट आणि तीनच्या वरच्यांना तिथे गरम ताजा आहार, म्हणजे तुझा मुलगा तिथे जेवेलही आणि दोन-तीन तास बसून शिकेलही. गावाकडच्या अंगणवाडीत मुलांची नावं असतील तर इथल्या सेविकेला तसं सांग, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपमधून नाव इकडे बदलून घेता येतं, नाहीतर नाव आधीच आहे म्हणून अडकतं. तुझा मोबाईल आणि सगळ्यांची आधारं सोबत ठेव, आता ओटीपी येतो आणि आहार घेताना फोटोही काढतात.

पाकिटाची चव मुलांना आवडत नाही हे मला माहितीये, बऱ्याच घरांत ती तशीच पडून राहतात. नुसतं पाण्यात शिजवू नकोस. थोड्या तेलात खमंग भाजून घे, मग शिरा कर, नाहीतर कांदा-कोथिंबीर घालून त्याचं छोटं थालीपीठ. आणि ते लहानीचंच आहे, घरातल्या सगळ्यांच्या पिठात मिसळलंस तर तिच्या वाट्याला काही उरत नाही. सेविकेला जंताची गोळी, अ जीवनसत्त्वाचा डोस आणि लोहाचं सिरप याबद्दलही विचार, अ जीवनसत्त्व दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत द्यायचं असतं आणि ते शहरात आलेल्या मुलांचं हमखास चुकतं. मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली आहे, कार्ड केशरी किंवा पिवळं असेल तर मुलींसाठीच्या लेक लाडकी या सरकारी योजनेचा अर्जही सेविकाच देतात, अटी त्या सांगतील.

खरी अडचण मला माहितीये. अंगणवाडी सकाळी उघडी असते आणि सकाळीच तुझी कामं. फोटो काढायचा म्हणजे काकूंना पाठवूनही भागणार नाही. म्हणून इथे मी या सदराच्या दुसऱ्या वाचकांशी बोलते, ज्यांच्याकडे पोळ्या करायला कुणी ताई येतात त्यांच्याशी. महिन्यातून एक सकाळ त्यांना दीड तास उशिरा येऊ द्या, पगार न कापता. घरात लहान मूल आहे का एवढं विचारा. आणि सकाळी सात वाजता उपाशीपोटी तुमच्याकडे आलेल्या बाईला दोन पोळ्या भाजीसोबत खायला द्या, उरलेल्या नव्हे, त्याच वेळच्या गरम. तू स्वतःही मागायला लाजू नकोस, चारातल्या ज्या मॅडम समजूतदार आहेत त्यांच्यापासून सुरुवात कर, लेकीचं वजन कमी निघालंय, अंगणवाडीत न्यायचंय, एवढंच सांग.

पैसे हातात आले की पहिल्याच दिवशी मुलांचं सामान घेऊन टाक, उधारी फेडायच्या आधी. एक किलो डाळ, शेंगदाणे, तेल, अंड्यांचा ट्रे. महिनाअखेरीला आधी अंडी आणि डाळ बंद होतात आणि चहा-साखर चालूच राहते, असं सगळीकडे होतं, म्हणून ते वेगळ्या डब्यात ठेव. भाजी रात्री आठनंतर घे, पालेभाजीच्या जुड्या तेव्हा निम्म्यात देतात. शेवग्याचं झाड जवळ असेल तर पाला विचारून तोड, तो भाजीत, पिठात कुठेही चालतो.

परत जुलाब झाले तर खाणं बंद करायचं नाही. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या, दिवसाला एक २० मिलिग्रॅमची, पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरीही. या दोन्ही गोष्टी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बरी झाली की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं, पावसाळ्यात हेच राहून गेलं होतं.

आणि तू? पत्रात तुझ्या जेवणाचा एक शब्द नाहीये. रात्री तिला पाजतेस, चार घरं करतेस आणि मला खात्री आहे सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातलं जे राहतं ते खातेस. संध्याकाळी मुलांना वाढतेस तेव्हाच तुझंही ताट घे, त्यांच्यासोबत बस. मुलंही मग जास्त खातात. दवाखान्यात जाशील तेव्हा तुझं हिमोग्लोबिनही तपासून घे.

वजन दर महिन्याला एकाच काट्यावर, शक्यतो एकाच अंगणवाडीत. या वयात महिन्याला २०० ग्रॅमच्या आसपास वाढ होते, मागे पडलेलं मूल नीट खायला लागलं की त्याहून जास्तही भरतं. दोन महिने पोटभर खाऊनही काटा हलला नाही तर खाण्याच्या पलीकडचं काहीतरी असू शकतं, लघवीतलं इन्फेक्शन असेल, घरात कुणाला जुना खोकला असेल तर टीबी असेल, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवून तपासण्या करून घ्यायच्या. तेव्हा हे वजनाचं कार्ड सोबत ने. पुढच्या महिन्यातला आकडा मलाही कळव, आणि रेशन दुकानात काय झालं तेही.